मोबाईलचा क्लिपवाला पोलरायझर: सोलापूरच्या उन्हात गाडीचे फोटो काढायला घ्यावा का?

गाडी धुऊन पुसून लख्ख केली, तरी फोटोत पुढच्या काचेवर नुसतं पांढरं आभाळ दिसतं, बॉनेटवर चुन्याचा हात फिरवल्यासारखा पट्टा उमटतो आणि दरवाज्यात समोरची टपरी विजेच्या खांबासकट उतरते. लाल गाडी विटकी वाटते, निळी राखाडी. सोलापूरच्या उन्हात हे बाराही महिने चालतं. त्यावरचा स्वस्तातला उपाय म्हणून मोबाईलवर चिमट्यासारखा बसणारा पोलरायझर फिल्टर विकला जातो. तो खरंच काम करतो का, कुठे करतो आणि कुठे चांगला फोटो बिघडवतो, हे या परीक्षणात सांगतो आहोत.

वस्तू साधी आहे. ३७ मिमी व्यासाची गोल, करडी काच, तिला फिरणारी कडी, आणि रबराची पकड असलेली क्लिप. काचेच्या दोन चकत्यांमध्ये प्रकाश गाळणारा पातळ पडदा असतो, खरं काम तो करतो. खोक्यावर ‘सीपीएल’, म्हणजे सर्क्युलर पोलरायझर, असं लिहिलेलं असतं. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारे हे फिल्टर नावाने वेगवेगळे असले तरी घडणीत फार फरक नसतो, म्हणून इथे कोणा एका कंपनीचं नाव न घेता या जातीच्या फिल्टरबद्दलच बोलू.

मत आधीच सांगून टाकतो. लाल, निळी, काळी, हिरवी किंवा मेटॅलिक रंगाची गाडी असेल तर घ्या. पांढऱ्या गाडीला उपयोग आहे, पण तो मुख्यतः काचांपुरता. चंदेरी गाडीवर फरक कमी दिसतो. रात्रीचेच फोटो काढायचे असतील तर पैसे घालवू नका, चांगला ट्रायपॉड घ्या.

चकाकी जाते ती कोनामुळे

काच आणि गाडीच्या रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट, दोन्हींवरून परतणारा प्रकाश एका विशिष्ट कोनात जवळजवळ पूर्णपणे एकाच दिशेत कंप पावतो, म्हणजेच पोलराइज्ड असतो. दोन्हींचा अपवर्तनांक दीडच्या आसपास असल्याने हा कोन पृष्ठभागापासून साधारण ३४ अंश येतो. फिल्टर त्या दिशेला आडवा फिरवला की तेवढी चकाकी अडते आणि खालचा खरा रंग वर येतो. कोन ३४ अंशांपासून जितका दूर, तितका परिणाम कमी. त्यामुळे फिल्टर लावला आणि झालं, असं होत नाही. कुठे उभं राहायचं ते आधी ठरवावं लागतं.

बहुतेक हॅचबॅक आणि सेडानची पुढची काच आडव्या रेषेपासून तीसेक अंशांवर कललेली असते. म्हणजे गाडीसमोर उभं राहून सरळ नजरेने फोटो काढला, तरी काचेशी होणारा कोन आपोआप मनासारखा जुळतो. म्हणूनच या फिल्टरचा सगळ्यात मोठा चमत्कार पुढच्या काचेवर दिसतो: कडी फिरवता फिरवता आभाळ विरघळतं आणि आतलं स्टिअरिंग, सीट, आरशाला टांगलेली माळ दिसू लागते. जीपच्या घडणीच्या, उभ्या काचेच्या गाड्यांना हा फायदा कमी मिळतो.

दरवाज्यांसाठी हिशेब असा: पुढच्या दरवाज्यापासून गाडीच्या लांबीच्या दिशेने नऊ पावलं पुढे जा आणि तिथून सहा पावलं बाजूला सरका. तीनास दोन हे प्रमाण म्हणजे तोच ३४ अंश. या जागेवरून गाडीचं तोंड आणि एक बाजू दोन्ही दिसतात, म्हणजे फोटोलाही हीच जागा सोयीची. गाडीच्या बरोबर बाजूला, दरवाज्यासमोर सरळ उभं राहाल तर कडी कितीही फिरवा, दरवाज्यातलं प्रतिबिंब हलणार नाही. पैसे फुकट गेले म्हणून चिडणाऱ्यांपैकी पुष्कळजण इथेच फसलेले असतात.

बॉनेटचं गणित वेगळं. कंबरेइतक्या उंचीवरून, लांबून फोटो काढताना बॉनेटकडे आपण फारच सपाट कोनातून पाहतो, तिथे फिल्टर थोडंच काम करतो. बॉनेट नीट हवं असेल तर जवळ जा: बॉनेटच्या मध्यापासून तीन फूट लांब आणि त्याच्या पत्र्यापेक्षा दोन फूट वर कॅमेरा. दसऱ्याला किंवा नवी गाडी आणल्यावर बॉनेटवर काढलेल्या स्वस्तिकाचा फोटो असाच काढायचा. गडद रंगाच्या बॉनेटवर आभाळाची पांढरट साय असते, तिच्यात हळदीकुंकू बुडून जातं. कडी फिरवून ती साय काढली की कुंकवाच्या बोटांचे ठसे, मधल्या अक्षता, सगळं स्पष्ट उमटतं. झेंडूचा हार असेल तर फोनच्या पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा, नाहीतर केशरी फुलांचा नुसता एकजीव गोळा होतो. फोटो झाले की हळदीकुंकू ओल्या मऊ फडक्याने उचलून घ्या. दोन दिवस उन्हात राहिलं तर रंगावर डाग धरतं.

आता या फिल्टरची खरी मर्यादा. बॉनेट आडवं, दरवाजे उभे. एकाची चकाकी ज्या दिशेत अडते, त्या दिशेत दुसऱ्याची मोकळी सुटते. कडी पुढच्या काचेसाठी लावली की दरवाजे जास्त चमकतात, दरवाज्यांसाठी लावली की काच पुन्हा पांढरी होते. एका फोटोत दोन्ही मिळत नाहीत. यावर तोडगा आहे: ट्रायपॉडवर फोन अजिबात न हलवता दोन फोटो घ्या, एक काचेसाठी आणि एक दरवाज्यांसाठी, आणि मग थर लावून मास्क करता येणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये पहिल्यातली काच दुसऱ्यावर घासून आणा. कडी फिरवताना फोन केसभर हलतो, म्हणून शटरला दोन सेकंदांचा टायमर लावा. एवढा खटाटोप नको असेल तर पुढच्या काचेला प्राधान्य द्या, डोळ्यांना तीच आधी खटकते.

आणि सगळीच चकाकी घालवण्याच्या मागे लागू नका. गाडीच्या पत्र्याचा आकार फोटोत दिसतो तो प्रतिबिंबांमुळेच. दरवाज्यावरून मागच्या दिव्याकडे धावणारी धारदार रेघ, मडगार्डचा फुगवटा, ही सगळी उजेड आणि सावलीची करामत आहे. काळ्या गाडीवर कडी पूर्ण फिरवली तर डांबराचा ठोकळा उभा केल्यासारखी दिसते. काळ्या गाडीला अर्ध्यापर्यंत फिरवा आणि थांबा. लाल-निळ्याला पाऊण.

घेताना तपासायचं ते

दुकानात घेत असाल तर तिथेच, ऑनलाइन असेल तर खोकं उघडल्याबरोबर ही तपासणी करा. लॅपटॉपवर पांढरं पान उघडा. फिल्टरची पुढची बाजू, म्हणजे कॅमेऱ्यापासून दूर राहणारी, स्क्रीनकडे करून धरा आणि हळूहळू फिरवा. एका जागी स्क्रीन जवळजवळ काळी पडली पाहिजे. त्यापासून बरोबर पाव फेरा फिरवल्यावर पुन्हा उजळली पाहिजे. नुसतीच करडी दिसत राहिली तर ती साधी रंगीत काच आहे, परत करा. मग फिल्टर उलटा धरून बघा. आता स्क्रीन काळी न पडता फक्त थोडी पिवळट-निळसर होईल. हे बरोबर आहे. याच कारणाने फिल्टर क्लिपवर उलटा बसला तर परिणाम जवळपास नाहीसा होतो. सुटी कडी असलेल्या संचात ही चूक सहज होते.

दुसरी तपासणी रंगाची. पांढऱ्या कागदाचा एक फोटो फिल्टरशिवाय, एक फिल्टर लावून, दोन्ही एकाच उजेडात. स्वस्त फिल्टर कागदाला पिवळट किंवा हिरवट झाक देतात. पिवळट झाक कॅमेऱ्यातल्या व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंग सावरायच्या सेटिंगने, काढता येते, हिरवट झाक त्रास देते. सोलापुरात पांढऱ्या गाड्या पुष्कळ, आणि पांढऱ्या गाडीवर ही हिरवट झाक लगेच आजारी दिसते.

मोबाईलवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘सर्क्युलर’ पोलरायझर लागतो तो आत आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांना, कारण त्यांची फोकस आणि उजेड मोजायची यंत्रणा साध्या पोलरायझरने गोंधळते. मोबाईलला साधा ‘लिनियर’ही चालतो. म्हणजे घरात पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची काच लेन्ससमोर धरून, गोल फिरवून बघा. फिल्टर आपल्या गाडीवर कितपत उपयोगी पडेल, हे पैसे न खर्चता कळतं. मात्र फोटो काढताना तोच गॉगल डोळ्यांवर ठेवू नका. फोनची स्क्रीन एका कोनात काळी दिसते आणि फिल्टरचा परिणाम कळत नाही.

क्लिप बसवताना होणारे घोळ

फोनचं कव्हर काढा. कव्हरच्या जाडीने फिल्टर लेन्सपासून दूर जातो, तिरका बसतो आणि फोटोचे कोपरे काळे पडतात. क्लिपचं पुढचं रबर स्क्रीनवर कुठे टेकतं तेही बघा. काही फोनमध्ये ते नेमकं शटरच्या किंवा झूमच्या जागी दाबून बसतं आणि फोन आपोआप काहीतरी करत राहतो.

आजकालच्या फोनला तीन-चार लेन्स, फिल्टर मात्र एकीवरच. कोणती लेन्स चालू आहे हे ओळखायला कॅमेरा उघडून एकेका लेन्सवर बोट ठेवा, जिच्यावर स्क्रीन झाकली जाईल ती. गोम अशी की फोन स्वतःच लेन्स बदलतो. बॅजच्या किंवा हेडलाइटच्या अगदी जवळ गेलात की बरेच फोन गुपचूप रुंद लेन्सवर जाऊन मॅक्रो सुरू करतात. फिल्टर मुख्य लेन्सवर तसाच राहतो आणि फोटो निघतो शेजारच्या उघड्या लेन्समधून, कधी क्लिपची कड कोपऱ्यात घेऊन. ऑटो मॅक्रो बंद करा किंवा प्रो मोडमध्ये जाऊन लेन्स पक्की करा. उलट संध्याकाळी उजेड कमी झाला की तिप्पट झूमचं बटण दाबूनही फोन मुख्य लेन्सचाच फोटो कापून देतो. फिल्टर टेलिफोटोवर लावलेला असेल तर तो तसाच रिकामा राहतो.

कडी फिरवताना नेहमी आटे घट्ट होतात त्याच दिशेने फिरवा. उलट फिरवली की फिल्टर क्लिपमधून सुटतो, आणि खाली डांबर किंवा खडी असते. कडीच्या बाहेरच्या कडेवर नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका द्या. काच साफ दिसते तेव्हा ठिपका घड्याळात किती वाजल्याच्या जागी येतो हे एकदा कळलं की पुढच्या वेळी उन्हात स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघत बसावं लागत नाही. फोन आडव्याचा उभा केलात तर ठिपका पुन्हा त्याच जागी आणा.

परिणाम दिसत नाही अशी तक्रार होते, त्याचं अजून एक कारण म्हणजे फोनचा आपोआप बदलणारा उजेड. फिल्टरने चकाकी कमी केली की फोन लगेच उजेड वाढवतो आणि फरक झाकला जातो. गाडीवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक करा, मग कडी फिरवा. फिल्टर स्वतः सव्वा ते दीड स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). दिवसा याने काही अडत नाही. चालत्या गाडीचा, चाकं फिरताना दिसणारा फोटो काढायला मात्र हा पुरत नाही: कडक उन्हात एफ १.८ आणि आयएसओ ५० वर शटर १/४००० च्या घरात असतं, फिल्टर लावून ते फार तर १/१५०० वर येतं. चाकं तरीही थिजल्यासारखीच दिसतात. त्याला एनडी फिल्टर, म्हणजे नुसता उजेड कमी करणारी गडद काच, लागते. आणि दुसऱ्या गाडीच्या खिडकीतून अंग बाहेर काढून हायवेवर असले फोटो काढायचा विचारही नको.

सोलापुरात कुठे आणि कधी

सूर्याची वेळ आधी. डिसेंबरच्या शेवटी इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेच्या मध्यावर सात वाजायला थोडी मिनिटं असताना. आपल्या अक्षांशावर तो तिरका न जाता झपकन खाली उतरतो, शेवटचे सहा अंश पार करायला त्याला जेमतेम पंचवीस मिनिटं लागतात. सोनेरी उजेड म्हणतात तो एवढाच. गाडी आधी लावून, पुसून, कोन ठरवून तयार असली पाहिजे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायातच राहते. त्या उन्हात छप्पर पांढरं होतं, चाकं आणि बंपरखालचा भाग काळा पडतो. चकाकी फिल्टरने कमी होईल, या सावल्यांना तो काहीही करू शकत नाही.

मावळतीला आभाळाचा सगळ्यात पोलराइज्ड पट्टा दक्षिणोत्तर असतो, सूर्यापासून नव्वद अंशांवर. त्यामुळे कॅमेरा उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे धरला तर फिल्टरने आभाळ गर्द निळं होतं. पूर्वेकडे किंवा थेट मावळतीकडे धरला तर काहीच होत नाही. पण रुंद लेन्सने उत्तरेकडचा फोटो काढलात तर मधोमध निळा उभा पट्टा आणि दोन्ही बाजूंना फिकट आभाळ असं विचित्र दिसतं. दुप्पट झूम वापरला की हा दोष बराच जातो. पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवेतली धूळ खाली बसलेली असते, तेव्हा आभाळावर परिणाम छान मिळतो. मेमधल्या धुरकट आभाळावर तो फारसा दिसत नाही.

तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा एकरुख तलाव ही या फिल्टरसाठी चांगली जागा. मागे पाणी, वर मोकळं आभाळ, आणि गाडीत प्रतिबिंब पडायला इमारती नाहीत. पाण्यावरची चकाकीही हाच फिल्टर कमी करतो, पण तिथे अर्धवटच फिरवा, सगळी काढली तर पाणी काळपट दिसतं. गाडी पक्क्या मुरमावरच उभी करा. पाऊस होऊन गेला असेल तर कडेच्या काळ्या मातीत चाक घालू नका. गाडी अडकते ते वेगळंच, आणि धुतलेल्या मडगार्डला ती माती गुळासारखी चिकटते.

भुईकोट किल्ल्याची काळ्या दगडाची तटबंदी पांढऱ्या, लाल, पिवळ्या गाडीला सुंदर पार्श्वभूमी देते. काळ्या किंवा गडद राखाडी गाडीला ती गिळून टाकते. सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला भाविकांची आणि रिक्षांची वर्दळ असते, जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की तिकडे गाडी घेऊन जाण्यात अर्थ नाही. पहाट गाठा. महापालिकेचं इंद्रभवन नक्षीदार आणि फिकट रंगाचं, जुन्या घडणीच्या किंवा गडद गाडीला शोभतं, पण रविवारी सकाळीच जा आणि आधी तिथल्या वॉचमनला विचारा. विजापूर रोडचा संभाजी तलाव, जुळे सोलापुरातले मोकळे प्लॉट, केगावच्या बाजूचं माळरान या जागाही चालतात. हिवाळ्यात शहराबाहेर ज्वारी उभी असते, तिच्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्यासमोर पांढरी गाडी फार देखणी दिसते. मळणीच्या दिवसांत मात्र भुसा उडून ओल्या गाडीवर बसतो.

जागा निवडताना गाडीच्या मागे काय आहे हे सगळेच बघतात. फोटो काढणाऱ्याच्या मागे काय आहे तेही बघा, कारण दरवाज्यात तेच उमटणार. खाली तांबूस मुरूम असेल तर दरवाज्यांच्या खालच्या अर्ध्या भागाला तपकिरी झाक येते, विशेषतः पांढऱ्या आणि चंदेरी गाडीला. ही झाक फिल्टरने पूर्ण जात नाही. डांबरावर ती येत नाही. पांढरा शर्ट घालून उभं राहिलात तर दरवाज्यात एक पांढरा माणूस दिसतो. गडद कपडे घाला.

काचेवर ठिपके दिसले तर

हा फिल्टर परत करणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते: बाजूच्या आणि मागच्या काचेवर बिबट्यासारखे ठिपके किंवा इंद्रधनुषी पट्टे दिसतात. हा फिल्टरचा दोष नाही. पुढची काच दोन थरांची, मध्ये पडदा असलेली असते. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. त्या भट्टीत तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात, आणि ते झोत जिथे लागले तिथला ताण काचेत कायमचा राहतो. पोलराइज्ड उजेडात तो ताण ठिपक्यांच्या रूपात दिसतो. कडी पाव फेऱ्याच्या आत थोडी मागे-पुढे करा, बरेचसे ठिपके फिके होतात. नाहीच गेले तर बाजूच्या काचा चारही खाली उतरवा. एक वर, एक खाली असं ठेवू नका, अर्धवट काम वाटतं. गाडीतल्या टचस्क्रीनचंही असंच: आतला फोटो काढताना ती काळी दिसली तर स्क्रीन बिघडलेली नाही, कडी फिरवा. क्रोमच्या पट्ट्या आणि चकचकीत धातू यांच्यावर फिल्टर चालत नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश त्या रीतीने पोलराइज होत नाही. रंगवलेल्या अलॉयवर थोडा परिणाम दिसतो, तो वरच्या लॅकरमुळे.

चकाकी गेली की आतलं सगळं उघडं पडतं. डॅशबोर्डवरची धूळ, पार्किंगच्या पावत्या, टिश्यूचा डबा, सीटवरचं प्लास्टिक, आतापर्यंत आभाळाने झाकलेलं होतं ते सगळं फोटोत येतं. म्हणून फिल्टर वापरायचा तर काच आतूनही पुसा. बाहेरून, बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे ठिपके उठतात आणि कडी फिरवल्यावर गडद रंगावर ते अधिकच ठळक होतात. सावलीत धुवा, लगेच मायक्रोफायबरने टिपा. सोलापुरी टेरी टॉवेल अंगाला उत्तम, पण रंगाच्या पत्र्यावर नको: धाग्यात वाळूचा एक कण अडकला तरी बारीक ओरखडे पडतात. दाराच्या कडा, टायर, डिक्कीच्या पन्हळी पुसायला तो जरूर वापरा. वॉशिंग सेंटरमध्ये टायरला तेलकट पॉलिश जास्त फासलं असेल तर कोरड्या फडक्याने टिपून घ्या, नाहीतर चालवताना त्याचे शिंतोडे दरवाज्यावर उडतात.

फिल्टरशी संबंध नसलेल्या दोन-तीन गोष्टी तरी सांगायलाच हव्यात, कारण त्या चुकल्या तर कितीही भारी फिल्टर वाया जातो. फोनच्या मुख्य लेन्सने बारा-तेरा फुटांवरून गाडी चौकटीत बसते खरी, पण बंपर फुगून नाकासारखा पुढे येतो आणि मागचा भाग आखडतो. पंचवीस-तीस फूट मागे जा आणि दुप्पट झूम करा, गाडीचं प्रमाण डोळ्यांना दिसतं तसं येतं. फोन हेडलाइटच्या किंवा दाराच्या कडीच्या उंचीवर ठेवा, उभ्या माणसाच्या डोळ्यांइतक्या उंचीवरून गाडी बुटकी दिसते. पुढचं चाक असं वळवा की अलॉयचा चेहरा कॅमेऱ्याकडे येईल, टायरची नक्षी नव्हे. फ्लॅश बंद ठेवा: आताच्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेटवरचा परावर्तक कागद आलेला प्रकाश थेट आलेल्या दिशेलाच परत फेकतो आणि प्लेट पांढरीफटक होते. पांढऱ्या गाडीला फोन राखाडी करतो, तिथे उजेड किंचित वर घ्या, काळीला किंचित खाली.

गाडी विकायला फोटो टाकत असाल तर दोन-तीन फोटो फिल्टर न लावता, तिरक्या उन्हात काढलेले जरूर ठेवा. कापडाने पडलेले बारीक गोल ओरखडे चकाकीतच दिसतात, आणि फिल्टर ते लपवतो. बघायला आलेल्याला ते पहिल्या मिनिटात दिसणारच असतात.

मोठा कॅमेरा असेल तर क्लिपच्या भानगडीत पडू नका. लेन्सच्या तोंडावर व्यास लिहिलेला असतो, ५२, ५८, ६७ असा. दोन-तीन लेन्स असतील तर सगळ्यात मोठ्या व्यासाचा एकच चांगला फिल्टर घ्या आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग, म्हणजे मोठा फिल्टर लहान तोंडावर बसवणारी कडी, लावा. अंधार पडू लागला, पार्किंगचे दिवे लावून निळ्या आभाळाखाली फोटो काढायची वेळ आली, की फिल्टर काढून खिशात टाका, त्या वेळी खाल्लेला दीड स्टॉप फोटोत दाणे आणतो.

आणि खिशात म्हणजे डबीत. नुसता ठेवला तर किल्लीने ओरखडतो. डॅशबोर्डवर तर कधीच ठेवू नका. बाहेर चाळीसच्या वर पारा असताना बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं, आतला पडदा आणि त्याचा चिकट थर सैल होऊन कडेने बुडबुडे येतात, आणि असा फिल्टर दुरुस्त होत नाही. धूळ बसली तर आधी रबरी ब्लोअरने उडवा, मग लेन्सच्या कापडावर थेंबभर क्लीनर घेऊन मधून कडेकडे पुसा. द्रव थेट काचेवर टाकला तर तो कडीच्या फटीतून आत जातो.